डोंगर दिसेनात म्हणून

त्या हिवाळ्यात बिश्केकच्या कडेच्या वस्तीतून कोळशाचा धूर असा दाटला, की नवव्या मजल्यावरच्या पेरिझातला खिडकीतून डोंगर दिसेनात. घर घेतलं होतं ते डोंगरांकडे बघूनच. तिनं चिडून पालिकेकडे धुराची तक्रार ठोकली.

आठवड्यानं सकाळी घरकामाला येणारी म्हातारी बुरुल, जिला ती तिकडच्या रीतीनं 'एजे' म्हणजे मोठी ताई म्हणायची, खोकणाऱ्या नातीला पोटाशी धरून दारात उभी राहिली.

"पोरी, आजचा दिवस हिला इथं बसू देशील? काल साहेब लोक आले अन् वस्तीतल्या सगळ्या चुलींना सील ठोकून गेले. घर नुसतं बर्फ झालंय. वरच्या भागातून कुणीतरी तक्रार केली म्हणे."

पेरिझातनं नातीला हीटरजवळ बसवलं, आपल्या शालीत गुंडाळलं, दूध तापवून दिलं. पण एजेसमोर पेरिझातची मान काही वर होईना.

"शिव्या घालत असाल ना एजे, त्या तक्रार करणाऱ्याला?" तिनं कसंबसं विचारलं.

एजे डोक्याचा रुमाल सोडत म्हणाली,


"छे गं. त्याच्याही घरात खोकणारं लेकरू असेल. उगाच का कुणी दुसऱ्याची चूल विझवतं?"