मास्तरांची कवळी

"आ करा, मास्तर."

मास्तरांनी आ केला. चार वर्षं ती या तोंडाची वाट पाहत होती. आत एकही दात उरला नव्हता.

मेणात बसवलेले दात तिने आधी वरच्या हिरडीवर टेकवले, मग खालच्या. ही नुसती ट्रायल होती. पक्की कवळी नंतर व्हायची. डॉक्टरीणबाई शेजारच्या खोलीत कुणाची तरी दाढ काढत होत्या. "तुझं काम आहे, तूच बघ," असं म्हणून त्यांनी मास्तरांना तिच्याकडे पाठवलं होतं. त्यांना काय माहीत.

चार वर्षांपूर्वी ती मास्तरांच्या कारखान्यात कवळ्या घासायला होती. मास्तरांच्या हाताला तोड नव्हती, पण शिकवायचं नाव नाही. साचा आला की त्यासोबतची डॉक्टरांची चिठ्ठी उचलायची, पडद्यामागे जायचं आणि जगाकडे पाठ करून बसायचं. अकरा वाजता त्यांची बायको डबा घेऊन यायची. तीही थेट पडद्यामागे. मग दोघांची कुजबुज. "मास्तर विद्या फक्त घरच्यांना देतात," म्हणून कामगार हसायचे. एखाद्या दिवशी बाई आल्या नाहीत, की त्या दिवसाच्या सगळ्या कवळ्या एकाच घाटाच्या निघायच्या. चाळिशीच्या शिंप्याला आणि ऐंशीच्या आजोबांना तेच पांढरेशुभ्र, सरळसोट दात.

म्हणून ती पुस्तकातून शिकायला लागली. वाचनालयातून जाडजूड पुस्तक आणायची. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला, पुस्तक मांडीवर, मेण हातात. लेक कुशीवर वळली की उलटायचं पान तसंच अधांतरी धरून ठेवायची, आवाज नको म्हणून.

एक दिवस तिने एका आजींचे दात स्वतः लावले. पुढचा एक किंचित वळवला, कडा जराशा झिजवल्या.

"हा वाकडा दात कुणाच्या डोक्यातून निघाला?" मास्तरांनी विचारलं.

"चिठ्ठीत लिहिलंय ना," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "वय बहात्तर, दात जुन्या फोटोसारखे. तुम्ही वाचली नाहीत का?"

मास्तरांनी तिची कवळी दिव्यावर धरली. मेण वितळलं. दात एकेक करून टेबलावर पडले. मग त्यांनी प्लास्टरने माखलेला पंजा तिच्या उघड्या पुस्तकाला पुसला.

"पुस्तकातून दात बसत नाहीत, विदुषीबाई. घरी जा, लेकीला सशाच्या गोष्टी वाचून दाखव."

ती गेली. वाचनालयाला तिने नवं पुस्तक घेऊन दिलं आणि खराब झालेलं स्वतःकडे ठेवलं. पांढऱ्या पंजाच्या पानापासून पुढे वाचत गेली. कवळीकामाची परीक्षा दिली, नापास झाली, पुन्हा दिली. डोळे मिटायला लागले की ते पान उघडायची. राग निवू द्यायचा नाही, एवढं एक पथ्य तिने पाळलं.

आणि आज मास्तरांच्या तोंडात तिचे दात होते. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली आणि त्याच महिन्यात कारखाना बंद पडला, हे तिच्या कानावर आलं होतं. मास्तर खूपच थकले होते. तिला दया आली नाही. पुढचा एक दात तिने मुद्दाम वळवला होता. तोच.

"आता बोलून बघायचं," ती म्हणाली. "हे मोठ्याने वाचा. यात 'स' आहे, शिट्टी वाजते का ते कळेल."

ट्रायलला प्रत्येकाकडून काहीतरी वाचून घ्यायची तिची पद्धत होती. पण हे कार्ड तिने खास लिहून आणलं होतं. ठळक अक्षरात. पुस्तकातून दात बसतात. मी चुकलो.

मास्तरांनी कार्ड लांब धरलं, जवळ धरलं. मग नाकावरचा चष्मा काढला, घडी घातली आणि खिशात टाकला.

"चष्मा घरी राहिला वाटतं," ते म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. पडदा. वळलेली पाठ. अकराचा डबा, कुजबुज. बायको गेली त्याच महिन्यात कारखाना. आणि सगळ्यांदेखत तिचा स्वतःचा आवाज, तुम्ही वाचली नाहीत का?

"तू सांग," मास्तर खाली बघत म्हणाले. "मी मागोमाग म्हणतो. लिहिलंय तेच म्हणेन."

म्हटलं असतं त्यांनी. शब्दाला शब्द.

तिने कार्ड त्यांच्या हातातून काढून घेतलं. पिशवीत हात घातला. सकाळी शाळेत जाताना लेकीने आपली अंकलिपी तिच्याच पिशवीत कोंबली होती, कोपरे चावलेली. ती काढली, खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली आणि पान दोघांच्या मध्ये धरलं.

"कवळी आठ दिवसांत मिळेल," ती म्हणाली. "कार्ड माझ्याकडे राहील. त्यावरचं मी सांगणार नाही. ते तुम्ही स्वतः वाचायचं, कितीही दिवस लागू देत. मी सोडणार नाही, मास्तर."

मग तिने एका अक्षरावर बोट ठेवलं. "म्हणा. स सशाचा."

मास्तरांनी त्या बोटाकडे पाहिलं. मग त्यांनी खिशातला चष्मा काढला आणि नाकावर चढवला.