बुजवलेल्या दारापाशी

माझा भाऊ टियार्क हॅम्बुर्गच्या या विटांनी बांधलेल्या गोदामात गालिच्यांचे गठ्ठे दोराने वर चढवायचा. गेल्या हिवाळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या, माल आत घ्यायच्या दारातून तो खालच्या कालव्यात पडला आणि बुडाला. मग ते दार विटांनी बुजवलं.

आज कालव्यावरच्या पुलावरून मी त्याच भिंतीचा फोटो काढला. सोबतची मैत्रीण हाइंके कॅमेऱ्यातला फोटो बघायला डोकावली.

"अरे, पाण्यातल्या प्रतिबिंबात ते दार उघडं दिसतंय. आणि कोण उभंय तिथं?"

"टियार्क," मी म्हणालो. मला काहीच वाटलं नाही.

"थट्टा पुरे हं, एनो! हात वर करून कसली खूण करतोय तो?"

आम्हा गोदामातल्या सगळ्यांना ती खूण ठाऊक आहे: दोर खाली सोडा.

छपराखालची गंजलेली कप्पी करकरली. दोर हळूहळू उतरला, बुजवलेल्या दारापाशी थांबला आणि ओझं बांधल्यासारखा ताठ झाला.