चौथा साकेलारीस

"नाव?" गावचे धर्मगुरू पापा-अर्सेनीसनी विचारलं.

म्हाताऱ्या साकेलारीसनं पोराला या हातावरून त्या हातावर घेतलं. हातात तेलानं माखलेला नागडा नातू, समोर कोमट पाण्याचं घंगाळ आणि मागं अख्खं गाव. मुलाचं नाव कानावर पडेपर्यंत आईनं चर्चमध्ये पाऊल टाकायचं नाही, ही या ग्रीक बेटावरची बाप्तिस्म्याची रीत. म्हणून थेमेलीना उंबऱ्याबाहेर चौकट धरून उभी होती. धर्मपित्याच्या तोंडून नाव बाहेर पडलं आणि पोर तीनदा पाण्यात बुडवलं, की संपलं. मग कुणाच्या बापाला ते बदलता येत नाही.

भानगड बापांच्याच नावांची होती. पहिल्या मुलाला आजोबाचं, म्हणजे बापाच्या बापाचं नाव. म्हाताऱ्याला मुलगे चार. वरच्या तीन सुनांनी नाकं मुरडत का होईना, तीन साकेलारीस घरात आणले होते. अंगणात कुणी "साकेलारीस, जेवायला चल" म्हटलं की तीन पोरं आणि एक म्हातारा हात धुवायला धावत.

आता थेमेलीनाची पाळी. तिचे वडील नोमिकोस समुद्राच्या तळातून स्पंज काढायचे. एके दिवशी खाली गेले ते वर आले नाहीत. ती एकुलती एक. आईच्या बापाचं नाव दुसऱ्या मुलाला मिळतं खरं, पण थेमेलीनाला त्रेचाळिसावं लागलेलं. हाच कसाबसा झाला होता, दुसरा कुठून आणायचा? नोमिकोस हे नाव या पोराला मिळालं तर राहणार, नाहीतर गेलं.

तिनं नवऱ्याला सांगून पाहिलं. मिकेस म्हणाला, "तू बाबांना विचार. मला बोटीवर जायचंय." आणि गेलाही. तिनं सासऱ्याला विचारलं. तिन्ही जावा तिथंच भाजी निवडत बसल्या होत्या.

"या घरात पहिला मुलगा साकेलारीस," म्हातारा गरजला. "चौघींना एकच नियम."

"आम्ही गिळलं ना?" थोरली जाऊ फोतिनी म्हणाली. "मग तूही गिळ."

थेमेलीनानं गिळलं नाही. चार दिवस ती कुणाशी धड बोलली नाही.

पाचव्या दिवशी पापा-अर्सेनीस घरावर पवित्र पाणी शिंपडायला आले. कॉफी पिता पिता सहज बोलून गेले, "आजोबा धर्मपिता झाला तरी चालतं बरं का. कुठं मनाई नाही." एवढंच बोलून त्यांनी टोपी उचलली.

कप विसळता विसळता थेमेलीनाच्या डोक्यात उजेड पडला. आजोबाचं नाव देणं हा मान, आणि मान दुसऱ्यानं द्यायचा असतो. आपलं नाव आपल्याच तोंडानं नातवाला चिकटवणारा माणूस बेटावर आजवर झाला नव्हता. झाला असता तर कॉफीच्या दुकानात त्याला मरेपर्यंत कुणी बसू दिलं नसतं.

संध्याकाळी सगळ्यांसमोर ती म्हणाली, "बाबा, बाळाचे धर्मपिता तुम्हीच व्हा. तुमच्यापेक्षा मोठं कोण आहे आम्हाला?"

म्हातारा छाती फुगवून म्हणाला, "झालो." सासूनं डोळे पुसले. जावाही खूश झाल्या. म्हातारा कुठं अडकलाय, ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

"अहो, नाव सांगा," पापा पुन्हा म्हणाले. "पोर गारठेल."

थेमेलीनानं उंबऱ्याबाहेरून मान आत घातली. म्हातारा हट्टी होता. लाज गुंडाळून ठेवली आणि स्वतःचंच नाव घेतलं, तर? आपणच खणलेल्या खड्ड्यात आपण पडणार. म्हाताऱ्यानं आधी तीन सुनांकडे पाहिलं. मग मागं पाहिलं. कॉफीच्या दुकानातली सगळी टोळी खांबाला टेकून उभी होती.

"बोल की," त्यातला एक म्हणाला. "का स्वतःचंच लावतोस?"

चर्चभर खसखस पिकली. म्हाताऱ्याचे कान लाल झाले.

"नोमिकोस," तो म्हणाला.

पोर पाण्यात गेलं, वर आलं, बोंबललं. दुसऱ्यांदा नोमिकोस. तिसऱ्यांदा तर म्हाताऱ्यानं इतक्या जोरात म्हटलं, की घंटेखालची कबुतरं उडाली. उंबऱ्यावर थेमेलीना खाली बसली आणि तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

दुपारी अंगणात पंगत बसली. तांदूळ भरलेलं कोकरू भट्टीतून बाहेर निघालं. म्हातारा मधोमध बसून कपाळ बडवत होता. "सुनेनं फसवलं हो मला. भर चर्चमध्ये तोंड बंद केलं माझं." तिन्ही जावा हळहळत होत्या आणि त्याच्या ताटात वाढत होत्या.

थेमेलीना पापांच्या हाताला ओठ लावायला वाकली. "पापा, त्या दिवशी तुम्ही सहज बोलून गेलात, म्हणून माझ्या बापाचं नाव राहिलं."

"सहज?" पापांनी हाडूक खाली ठेवलं आणि आवाज उतरवला. "अगं, ते वाक्य तुझ्या कानावर घाला म्हणून तुझा सासरा तीन दिवस माझ्या मागं होता. म्हणाला, तिघींना दामटून बसलोय, आता चौथीला आपणहून सूट दिली तर तिघी मिळून मला सोलतील. मला कुणीतरी फसवलं पाहिजे." त्यांनी घोटभर वाईन घेतली. "आणि नोमिकोस खाली जायचा ना, तेव्हा त्याच्या दोरीचं वरचं टोक बावीस वर्षं याच्याच हातात असायचं."

थेमेलीनानं म्हाताऱ्याकडे पाहिलं. कपाळ बडवायचं थांबवून तो ताटातला बरा तुकडा शोधत होता. तिनं कोकराची सगळ्यात मऊ मांडी उचलली, त्याच्या ताटात वाढली आणि तिन्ही जावांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"माफ करा बाबा. फसवलं मी तुम्हाला."