बाही होऊ दे

डबे झाले, तशी शिवणखान्यातली मशिनं एकेक करून थांबली आणि शाळेच्या गणवेशांच्या थप्प्यांना टेकून बायका आडव्या झाल्या. ही दुपारची वामकुक्षी सुपरवायझर सुलभाताईंनी सुरू केली होती. ती आजपासून बंद करायची असं ठरवूनच मालक, कपिलेशेठ, आत आले होते.

"मशीन थांबलं की गल्ला थांबतो, ताई. झोपायचा पगार मी किती दिवस द्यायचा?"

"झोप सुरू झाल्यापासून एकीच्याही बोटात सुई गेली नाही, शेठ. उसवायचं कामही निम्म्यावर आलंय."

शेठना ते पटलं नाही. पंख्याच्या वाऱ्यावर पांढरे धागे तरंगत होते आणि सगळा हॉल पाण्याखाली असल्यासारखा शांत झाला होता. तेवढ्यात त्यांना कोपऱ्यात झोपलेल्या हौसामावशींचे पाय दिसले. टाच खाली, चवडा वर, पाय एका लयीत हलत होते.

"ही तर जागीच आहे. सोंग नुसतं."

"झोपेत शिवतायत त्या," ताई हळूच म्हणाल्या. "जुन्या बायकांचं होतं असं."

शेठ बघतच राहिले. लहानपणी, एका खोलीच्या घरात, ते शिवणकाम करून दमलेल्या आईच्या पायांवर डोकं ठेवून झोपायचे. ते पाय रात्रभर हलायचे. आई झोपेतही आपल्याला जोजवते, असं त्यांना इतकी वर्षं वाटत आलं होतं.

वेळ झाली. शिपाई घंटेची हातोडी घेऊन उठला. शेठनी त्याचा हात धरला.

"थांब जरा," ते कुजबुजले. "त्यांची एवढी बाही होऊ दे."