जोडीचा पापुद्रा

सागाच्या गाठीतून मनीराम सुताराने श्वास रोखून दोन पातळ पापुद्रे कापले होते. पुस्तकासारखे उघडून कपाटाच्या दारावर चिकटवले, की लाकडातल्या वेटोळ्याला वेटोळं जुळणार. दरेकशाचा गोरा जंगलसाहेब त्या कपाटासाठी रोज शिपाई धाडत होता. आणि घरापुढच्या सपरीत, पडवीत वाळत घातलेला एक पापुद्रा गायब! त्याने कोंबड्यांचं खुराडं उपसलं, बायकोला फैलावर घेतलं, शेजाऱ्याशी भांडण उकरून काढलं. शेवटी उरलेला पापुद्रा नाचवत तो घरात शिरला. “माय वो, याचा जोडीदार कोनं नेला?” देवाच्या कोपऱ्यात मांडलेला पापुद्रा तेलशेंदूर पिऊन लालभडक झाला होता. “देवाचा डोळा दिसला मले त्याच्यात,” माय म्हणाली. मनीरामने कपाळावर हात मारला. तिने त्याच्या हातातला पापुद्रा ओढून घेत त्यावरही शेंदराचं बोट टेकवलं. “बरं झालं बाबू, दुसरा आनला. देव एकाच डोळ्यानं पाहून राहिला होता.”