चौथं कारण

ताप उतरून दोन दिवस झाले, तरी शकुंतलाबाईंच्या मनगटावर दवाखान्यानं बांधलेल्या, दुखणं किती आठवडे राहील ते सांगणाऱ्या पट्टीतला अकराचा आकडा हलेना. म्हणजे थकवा आणि धाप आणखी अकरा आठवडे मुक्काम ठोकणार होती.

हिंदुरावांनी मोबाइलवर पट्टीनं दिलेली कारणं मोठ्यानं वाचली. "वय एकसष्ट. जुना दमा. चार दिवस ताप अंगावर काढला." चौथ्या कारणाशी मात्र त्यांची जीभ अडखळली. तिथं लिहिलं होतं, 'घरात दुसऱ्या कोणाला स्वयंपाक येत नाही.'

"हिला कोणी सांगितलं?" ते पट्टीवरच उखडले.

"दवाखान्यानं माझी चाळीस वर्षांची दुखणी भरलीत तिच्यात," शकुंतलाबाई हसल्या. "प्रत्येक तापात तिसऱ्या दिवशी मी भाकऱ्या थापायला उभी. कळणारच की तिला."

शाळेत तीस वर्षं पोरांना कवायत शिकवलेला तो माणूस गुमान स्वयंपाकघरात गेला. पहिल्या दिवशी पिठल्यात गुठळ्या झाल्या, दुसऱ्या दिवशी मीठ राहिलं. बाईंनी दोन्ही दिवस पलंगावर बसून ताट चाटूनपुसून खाल्लं.

पंधरवड्यानं हिंदुरावांनी मोबाइल पाहिला, तर आकडा तीनवर आलेला. त्यांनी हरखून खोलीत डोकावलं. "काय म्हणते गं पट्टी?"

शकुंतलाबाईंनी घाईघाईनं बाही मनगटावर ओढली. "अकराच आहे अजून. थकवा काही जात नाही बघा."

हिंदुरावांनी मोबाइल हळूच खिशात टाकला. "मग आज पिठल्यात लसूण जरा जास्त घालतो," म्हणाले.