ओढणीचं टोक

थाटीपुरच्या ज्यूडो-कराटेच्या क्लासमध्ये सोनिका सासऱ्यांच्या, कान्होजींच्या मागे उभी होती, भर मे महिन्यात ओढणी गळ्याभोवती घट्ट गुंडाळून. "सूनबाईंना काय शिकवू, काकासाहेब?" सरांनी विचारलं. "समोरचा दूर उभा राहून मारत असेल तर कराटे, धरत असेल तर ज्यूडो." "धरतो," कान्होजी म्हणाले. "मागून. डाव्या हाताने ओढणी आवळतो." "उंची?" कान्होजींनी तळवा स्वतःच्या डोक्याहून वीतभर वर धरला. सर हसले. "मोहल्ल्यातला कोणी बदमाश दिसतो. बारकाईनं पाहिलंय तुम्ही!" "आमच्या घरात दसऱ्याला शस्त्रं पुजतात. सुनांनी कुंकू लावायचं, शिकायचं मुलांनी. त्याला दांडपट्टा मीच शिकवला. माझाच मुलगा." सरांचं हसू विरलं. "ज्यूडो. सोमवारपासून पाठवा." सोनिकाने ओढणी सोडली, गळ्यावर काळानिळा वळ होता. टोक सरांच्या डाव्या हातात देत ती म्हणाली, "आजच शिकवा. ते सातला घरी येतात."